गटाची वही गटाच्याच पेटीत

प्रश्न साधा होता. आमच्या एका सर्व्हरवर तीनेकशे कंटेनर, म्हणजे एकमेकांपासून वेगळे ठेवलेले प्रोग्रामांचे संच, चालायचे आणि त्यांतल्या कुणी नेटवर्कवर किती डेटा बाहेर पाठवला, ते रोज सकाळी सांगायचं होतं. मी तेव्हा ज्या कंपनीत होतो तिथे हे काम माझ्याकडे आलं. छोटा प्रोग्राम लिहिला, कर्नलच्या आत बसवला, आकडे यायला लागले. अडीच महिने सगळं सुरळीत चाललं. मग एका सकाळी लक्षात आलं की नव्याने सुरू झालेल्या कंटेनरांपुढे शून्य येतंय. जुन्यांचे आकडे बरोबर, नव्यांचे शून्य. मशीन धडधाकट, नेटवर्क चालू, माझा प्रोग्रामही चालू. चूक हिशेबात नव्हती, हिशेबाची वही मी जिथे ठेवली होती त्या जागेत होती. ती कुठे ठेवायला हवी होती, हे समजून घेताना मला लिनक्समधली एक फार विचारपूर्वक केलेली रचना कळली. तीच इथे सांगतो.

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. मेमरी कुणाला किती द्यायची, प्रोसेसरवर आता कुणाची पाळी, नेटवर्कवरून आलेलं पॅकेट, म्हणजे डेटाचा तुकडा, कुणाच्या हाती सोपवायचं, हे सगळं तो बघतो. त्याच्या आत आपलं काही घालायचं तर पूर्वी मॉड्यूल लिहावं लागायचं, आणि मॉड्यूलमधली एक चूक अख्खं मशीन आडवं करायची. ईबीपीएफ या, कर्नलच्या आत छोटे प्रोग्राम सुरक्षितपणे चालवण्याच्या सोयीने हे बदललं. मूळ बीपीएफ १९९२ चं. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतल्या स्टीव्हन मॅकॅन आणि व्हॅन जेकबसन यांनी नेटवर्कवरची हवी तेवढीच पॅकेटं गाळून घ्यायला ते केलं होतं. पॅकेटं बघायचं टीसीपीडंप हे साधन वापरणाऱ्यांनी ते नकळत वापरलेलंच असतं. २०१४ मध्ये अलेक्सी स्टारोव्हॉयटोव्ह यांच्या कामातून त्याला आजचं रूप आलं. आपण छोटा प्रोग्राम लिहून कर्नलकडे द्यायचा. कर्नलमधला व्हेरिफायर तो आधी तपासतो: भलत्या मेमरीला हात लावत नाही ना, कधीतरी थांबतो ना? खात्री पटली तरच आत घेतो.

असा प्रोग्राम क्षणभरच जागा असतो. पॅकेट आलं, उठला, काम केलं, संपला. पुढच्या पॅकेटाच्या वेळी पाटी कोरी. हाताशी ५१२ बाइटचा स्टॅक, म्हणजे कामापुरती जागा, तोही काम संपताच पुसला जातो. त्यामुळे लक्षात ठेवण्याजोगं जे काही असेल ते प्रोग्रामच्या बाहेर ठेवावं लागतं. त्या जागेला मॅप म्हणतात. मॅप अनेक प्रकारचे असतात, आणि कुठला निवडायचा याच्यावर पुढचं सगळं अवलंबून असतं.

आता गट. लिनक्समध्ये अनेक प्रोसेस, म्हणजे चालू असलेले प्रोग्राम, एकत्र बांधून त्यांना मिळून एक मर्यादा घालता येते: या सगळ्यांनी मिळून इतकीच मेमरी वापरायची, इतकाच प्रोसेसर. या सोयीला सीग्रुप म्हणतात. गूगलमधल्या इंजिनिअरांनी २००६ मध्ये त्यावर काम सुरू केलं आणि जानेवारी २००८ मध्ये आलेल्या २.६.२४ या आवृत्तीपासून ती कर्नलमध्ये आहे. वापरायला ती अगदी फोल्डरसारखी. ठरलेल्या जागी नवा फोल्डर केला की गट तयार. त्यातल्या एका फाईलमध्ये प्रोसेसचा क्रमांक लिहिला की ती प्रोसेस गटात आली. फोल्डर काढून टाकला की गट मोडला. डॉकर आणि कुबरनेटीसचे कंटेनर याच पायावर उभे आहेत. त्यामुळे ‘या कंटेनरने किती डेटा पाठवला’ याचा कर्नलच्या भाषेतला अर्थ ‘या सीग्रुपने किती पाठवला’ असा होतो.

मला हे समजावताना गावातला महिला बचत गट आठवतो. दहा-बारा जणी, त्यांची एक पत्र्याची पेटी, पेटीत ठरावाची वही, कर्जाची वही, पासबुकं. आता समजा, या गटाबद्दल बँकेच्या माणसाला काही नोंद ठेवायची आहे. एक मार्ग असा, की त्याने बँकेत आपलं जाडजूड रजिस्टर ठेवावं आणि प्रत्येक गटाला क्रमांक देऊन त्या क्रमांकाच्या पानावर नोंद करावी. दुसरा असा, की नोंदीची वही गटाच्याच पेटीत ठेवावी. गट भेटला की पेटी उघडायची, लिहायचं, बंद करायची.

मी पहिला मार्ग घेतला होता. कर्नलमध्ये प्रत्येक सीग्रुपला एक क्रमांक असतो आणि पॅकेटवरून तो क्रमांक काढून देणारं फंक्शनही कर्नल देतो. मी हॅश मॅप, म्हणजे किल्ली दिली की तिच्यासमोरची नोंद काढून देणारा मॅप, घेतला. किल्ली म्हणून गटाचा क्रमांक, समोर पाठवलेल्या बाइटची बेरीज. मॅपची कमाल मर्यादा आधीच सांगावी लागते. मी १०,२४० सांगितली. कंटेनर तीनशे आणि जागा दहा हजारांना, म्हणजे भरपूर मोकळीक आहे असं वाटलं.

पण रोज सव्वाशे-दीडशे कंटेनर बंद होऊन त्यांच्या जागी नवे यायचे. कंटेनर बंद झाला, त्याचा गट मोडला, फोल्डर गेला. माझ्या मॅपमधली त्याची नोंद मात्र तशीच राहिली, कारण ती काढायला कुणी सांगितलंच नव्हतं. कर्नलच्या दृष्टीने तो क्रमांक म्हणजे नुसता एक आकडा. त्या आकड्यामागचा गट आता नाही, हे मॅपला कळायचं कसं? गट मोडला तरी बँकेच्या रजिस्टरात पान उभंच, तसं. अडीच महिन्यांत मेलेल्या गटांच्या नोंदींनी मॅप भरला. नव्या गटाची नोंद घालायला गेलं की कर्नल ‘जागा नाही’ असं उत्तर देत होता आणि माझा प्रोग्राम ते उत्तर बघतच नव्हता. म्हणून शून्य.

यावर पहिला उपाय सुचतो तो झाडूवाल्याचा. बाहेरून एक प्रोग्राम दर पाच मिनिटांनी यावा, कुठले फोल्डर शिल्लक आहेत ते बघावं आणि बाकीच्या नोंदी काढाव्यात. तो चालतो, पण त्यालाही सांभाळावं लागतं. तो बंद पडला तर पुन्हा तेच. दुसरा उपाय म्हणजे जागा संपली की सर्वांत जुनी, न वापरलेली नोंद आपोआप फेकणारा मॅप. हा मी करून पाहिला आणि तो माझ्या कामाला घातक निघाला. महिन्यातून एकदाच चालणाऱ्या कंटेनरचा गट जिवंत असतो, फक्त गप्प असतो. त्याची नोंद मेलेल्या गटांच्या आधीच फेकली गेली, आणि तो पुन्हा बोलू लागला तेव्हा त्याची बेरीज शून्यापासून सुरू झाली. गप्प आणि मेलेला यांतला फरक मॅपला कळत नाही. तो फक्त गटालाच ठाऊक असतो.

म्हणजे वही गटाच्या पेटीतच हवी. कर्नलच्या लोकांनी हे फार आधी ओळखलं होतं. ऑक्टोबर २०१८ मध्ये आलेल्या ४.१९ आवृत्तीत रोमन गुश्चिन यांनी सीग्रुप स्टोरेज नावाचा मॅप आणला. प्रोग्राम एखाद्या गटाला जोडला की त्याच वेळी त्या गटासाठी जागा तयार व्हायची. प्रोग्राम चालला की ती जागा हमखास मिळायची, ‘आहे का, नाही का’ हा प्रश्नच नाही. गट गेला किंवा प्रोग्राम सोडवला की जागा आपोआप मोकळी. ज्या कामासाठी ती रचना होती त्या कामात ती आजही नेटकी वाटते.

तिची अडचण एकाच शब्दात आहे: ‘जोडला’. जागा फक्त त्याच प्रोग्रामला मिळे जो गटाला जोडलेला आहे, आणि फक्त त्याच गटाची. पण कर्नलमधले बरेच प्रोग्राम गटाला जोडलेलेच नसतात. माझा प्रोग्राम नेटवर्क कार्डाच्या तोंडाशी बसला होता. बाहेर जाणारं प्रत्येक पॅकेट त्याच्यासमोरून जायचं, मग ते कुठल्याही गटाचं असो. पॅकेटवरून सॉकेट, म्हणजे प्रोग्रामच्या नेटवर्क-जोडणीचं टोक, कळतं, सॉकेटवरून गट कळतो. गट तर समोर उभा आहे, पण त्याची पेटी उघडायची परवानगी नाही, अशी ती स्थिती होती.

मध्यंतरी कर्नलमध्ये दुसरीकडे एक चांगली गोष्ट झाली. २०१९ मध्ये ५.२ आवृत्तीत सॉकेटला स्वतःची पेटी मिळाली. पुढे ५.१० मध्ये फाईलच्या आयनोडला, म्हणजे फाईलबद्दलच्या कर्नलकडच्या नोंदीला, ५.११ मध्ये टास्कला, म्हणजे चालत्या प्रोसेसला. यांत जोडण्याची अट नव्हती. ज्या प्रोग्रामच्या हाती सॉकेट आलं, त्याने सॉकेटची पेटी उघडावी. मग काहींनी गटाची माहिती सॉकेटच्या पेटीत ठेवायला सुरुवात केली. पण एका गटाची सॉकेटं हजारोंनी असू शकतात. तीच माहिती हजार ठिकाणी लिहायची, आणि सॉकेट बंद झालं की त्यातली बेरीज गेली. बचत गटाचा हिशेब प्रत्येक बाईच्या पदराच्या गाठीत बांधून ठेवण्यासारखं झालं ते.

शेवटी २०२२ मध्ये मेटामधले योंगहाँग साँग यांनी सॉकेट, आयनोड आणि टास्क यांचीच पद्धत गटाला लावली, आणि फेब्रुवारी २०२३ च्या ६.२ आवृत्तीत ती सगळ्यांच्या हाती आली. तिची आतली रचना जवळून बघण्यासारखी आहे.

कर्नलमध्ये प्रत्येक गटासाठी एक रचना असते, तीत गटाची सगळी माहिती. त्या रचनेत फक्त एक पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, वाढवला, ६४ बिटच्या मशीनवर आठ बाइट. ज्या गटाबद्दल कुणीच काही लिहिलेलं नाही त्याचा हा पॉइंटर रिकामा राहतो, त्याच्यासाठी आणखी काही खर्च नाही. पहिल्यांदा कुणी लिहायला आलं की पेटी तयार होते आणि पॉइंटर तिच्याकडे बोट दाखवतो. पेटीत वह्यांची एक माळ. प्रत्येक मॅपची त्या गटापुरती एक वही. माझा बाइट मोजणारा मॅप असेल तर त्याची एक, शेजारच्या कुणाचा सुरक्षेवर नजर ठेवणारा मॅप असेल तर त्याची दुसरी.

माळेत आपली वही शोधायची तर एकेक बघत जावं लागेल आणि प्रत्येक पॅकेटामागे ते परवडणार नाही. म्हणून पेटीच्या तोंडाशीच १६ कप्पे केलेत. मॅप तयार होतानाच त्याला कप्प्याचा क्रमांक ठरवून दिला जातो, आणि कमीत कमी मॅप ज्या कप्प्यावर आहेत तो शोधून दिला जातो. वही मागितली की आधी थेट तो कप्पा बघायचा. तिथे आपलीच वही असली तर काम झालं: दोन पॉइंटर आणि एक तुलना. दुसऱ्या कुणाची असली तरच माळ चाळायची, आणि आपली वही सापडली की ती त्या कप्प्यात आणून ठेवायची. हॅश मॅपमध्ये दर वेळी क्रमांकाचं हॅश काढा, रकान्यात जा, किल्ल्या पडताळा, हे सगळं होतं. इथे गट हातात आहे म्हणजे पत्ता हातातच आहे.

पण वेगापेक्षा मला जास्त मोलाची वाटते ती आवराआवर. प्रत्येक वही दोन माळांत ओवलेली असते: एक गटाच्या पेटीतली, दुसरी मॅपची स्वतःची. कारण वही दोन प्रकारे निकामी होते. गट गेला तर त्याच्या पेटीतल्या सगळ्या वह्या काढायच्या, मग त्या कुणाच्याही मॅपच्या असोत. मॅप गेला तर सगळ्या गटांच्या पेट्यांतून त्याच्या वह्या काढायच्या. दोन माळा असल्यामुळे दोन्ही बाजूंनी कुणालाही शोधाशोध करावी लागत नाही. आणि दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या प्रोसेसरवर एकाच क्षणी घडल्या तर? एक वही दोघांनी काढू नये यासाठी कुलपं आहेत. आणि त्याच क्षणी तिसरा कुणी ती वही वाचत असेल तर तिची मेमरी लगेच परत घेतली जात नाही. आधी माळेतून सोडवायची, नवीन कुणाला सापडणार नाही असं करायचं, आणि आत असलेले सगळे वाचक बाहेर पडेपर्यंत थांबून मगच मेमरी मोकळी करायची. कर्नलमधल्या या शिस्तीचं नाव आरसीयू.

आणखी एक बारीक धोका होता. ईबीपीएफ प्रोग्राम कर्नलमधल्या जवळजवळ कुठल्याही फंक्शनवर बसवता येतो. समजा, पेटीचं कुलूप लावून आतलं काम चाललंय, आणि त्याच वाटेवरच्या एका फंक्शनवर दुसरा प्रोग्राम बसवलेला आहे. तो जागा होणार, तोही पेटी मागणार, आणि ज्याने कुलूप लावलंय तोच याची वाट बघत थांबलेला. मशीन तिथेच गोठेल. म्हणून प्रत्येक प्रोसेसरवर ‘पेटीचं काम चालू आहे’ असं सांगणारा एक आकडा ठेवलाय. तो दिसला की नव्याने आलेल्याला वही न देता रिकाम्या हाताने परत पाठवतात. हिशेबाची एखादी नोंद हुकली तर चालेल, मशीन गोठून चालणार नाही. हा निर्णय मला पूर्ण पटतो.

त्यामुळे एक जबाबदारी मात्र आपल्यावर येते. जुन्या पद्धतीत जागा जोडतानाच तयार व्हायची, म्हणून ती हमखास मिळायची. नव्यात ती मागितल्यावर तयार होते, आणि मागितल्यावर ‘नाही’ असंही उत्तर येऊ शकतं. मेमरी नसेल, पेटीचं काम चालू असेल, किंवा ‘नसेल तर तयार कर’ हे सांगायलाच आपण विसरलो असू. ‘नाही’ या उत्तराचं काय करायचं हे लिहिल्याशिवाय व्हेरिफायर प्रोग्राम आतच घेत नाही. माझ्या पहिल्या प्रोग्रामला अशी सक्ती नोंद वाचताना होती, नवी नोंद घालताना नव्हती. चूक नेमकी तिथेच झाली होती.

यावर चांगली वाट म्हणजे वही घाईच्या वेळी तयार करायचीच नाही. याचं सुंदर उदाहरण लिनक्सच्या कोडमध्येच आहे. ६.१२ आवृत्तीपासून प्रोसेसरची पाळी कुणाला द्यायची हेसुद्धा ईबीपीएफ प्रोग्राम लिहून ठरवता येतं. तिथल्या नमुन्यादाखल दिलेल्या शेड्युलरांत एससीएक्स-फ्लॅटसीजी नावाचा एक आहे. गटात गट, त्यात पुन्हा गट अशी उतरंड असते. तिच्यातून प्रत्येक गटाच्या वाट्याला अखेरीस किती वजन येतं ते काढून तो त्या गटाच्या पेटीतच लिहून ठेवतो. गट जन्माला येतो तेव्हा, थांबायला सवड असते त्याच ठिकाणी, तो वही तयार करून घेतो. नंतर पाळी ठरवताना, जिथे मायक्रोसेकंदही महाग, तिथे फक्त वाचतो. बारसं निवांतपणी, हाक मारणं घाईत.

बेरजेबद्दलही सांगायला हवं. गटाची वही एकच आणि प्रोसेसर अनेक. दोन प्रोसेसरनी एकाच क्षणी ‘जुना आकडा वाच, त्यात मिळव, परत लिही’ असं केलं तर एकाची भर वाया जाते. म्हणून मिळवणं अखंड एका सूचनेत व्हावं लागतं. गर्दी फारच असेल तर त्या एका आकड्यावर सगळे प्रोसेसर एकमेकांच्या मागे रांगेत उभे राहतात, आणि मग वहीत थेट आकडा न लिहिता प्रत्येक प्रोसेसरसाठी वेगळी बेरीज ठेवलेल्या जागेचा पॉइंटर ठेवतात. तीनशे कंटेनरांना साधी अखंड बेरीज पुरली.

नावाची गोष्टही लक्षात ठेवा, नाहीतर शोधताना घोटाळा होतो. सीग्रुप स्टोरेज हे नाव जुन्या मॅपने आधीच घेतलेलं होतं आणि बाहेरचे प्रोग्राम त्या नावावर व क्रमांकावर विसंबून होते, म्हणून ते काढून घेता येईना. नव्याला सीजीआरपी स्टोरेज म्हटलं. जुन्याचा क्रमांक १९, नव्याचा ३२. जुन्याच्या नावामागे आता ‘वापरू नका’ अशा अर्थाचा शब्द लावलाय, तरी १९ हा क्रमांक जागचा हललेला नाही.

मी माझा प्रोग्राम नव्या पद्धतीवर आणला तेव्हा झाडूवाला काढून टाकला, १०,२४० ची मर्यादा गेली, आणि लगेच नवा प्रश्न समोर आला. गट मोडला की वही जाते, हे तर हवंच होतं. पण सकाळच्या अहवालात काल रात्री बंद झालेल्या कंटेनरचाही आकडा हवा असतो. वही गटासोबत गेली तर शेवटची बेरीज कुणाला विचारायची? इथे कर्नलच्या क्रमाचा उपयोग झाला. फोल्डर काढला त्याच क्षणी गटाची रचना नष्ट होत नाही. कुणी ना कुणी तिला धरून असतं, आणि शेवटचा हात सुटेपर्यंत ती, आणि तिच्यासोबत पेटी, शिल्लक असते. फोल्डर निघाल्याची वर्दी मात्र कर्नल लगेच देतो. त्या वर्दीवर मी दुसरा एक छोटा प्रोग्राम बसवला. तो त्याच गटाची पेटी उघडतो, बेरीज वाचतो, रिंग बफरमधून, म्हणजे कर्नलमधून बाहेर डेटा देणाऱ्या रांगेतून, बाहेर पाठवतो आणि संपतो. त्यानंतर एखाद्या रेंगाळलेल्या सॉकेटमधून चार-दोन पॅकेटं गेली तर तेवढी हिशेबातून सुटतात. अहवालाच्या तळाशी तसं लिहून ठेवलंय.